महासंगणकाचा प्लंबर

गावातल्या वडाभोवती जसा पार असतो, तसा पार असलेलं एक यंत्र १९७६ साली अमेरिकेत तयार झालं. मधोमध माणसाहून थोडा उंच, इंग्रजी सी अक्षरासारखा एका बाजूनं उघडा असलेला खांब, आणि त्याच्या पायाशी भोवतीनं मऊ गादीची बैठक. पाहणाऱ्याला वाटावं, एखाद्या मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यातलं फर्निचर आहे. जगातला सर्वांत महागडा सोफा, अशी त्याची थट्टाही होत असे. प्रत्यक्षात तो त्या वेळचा जगातला सर्वांत वेगवान संगणक होता. नाव क्रे-१. किंमत पन्नास ते ऐंशी लाख डॉलर, वजन साडेपाच टन.

त्या बैठकीच्या गाद्यांखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा दडवलेली होती. आणि उभ्या खांबाच्या आत, हजारो विद्युतपट्ट्यांच्या कडेकडेनं, पोलादी नळ्यांचं जाळं फिरवलेलं होतं. त्या नळ्यांतून फ्रीऑन वाहत असे. आपल्या घरच्या जुन्या फ्रिजमध्ये असायचा तोच पदार्थ. हे यंत्र चालताना ११५ किलोवॅट वीज खाई आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडे. बाथरूममधले दोन किलोवॅटचे सत्तावन्न गीझर एका कपाटात कोंबून एकदम चालू करावेत, तसा हा प्रकार. ही उष्णता क्षणोक्षणी बाहेर काढली नाही, तर सगळं यंत्र जळून राख व्हायचं.

या यंत्राचा कर्ता होता सीमूर क्रे. महासंगणकाचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. पण तो स्वतःची ओळख गमतीनं जास्त पगार घेणारा प्लंबर अशी करून देत असे, असं त्याच्याबद्दल सांगतात. ही गंमत वाटते तितकी गंमत नाही. त्याच्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर ती नळ्यांच्या, तांब्याच्या पत्र्यांच्या आणि गारव्याच्या अंगानंच सांगावी लागते.

माझ्यासारख्या नोकरदाराला संगणकाचं पहिलं दर्शन झालं तेही गारव्यातूनच. बँकेत पहिल्यांदा संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी काचेची वेगळी खोली झाली. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, देवघरात जावं तशा. आम्ही सगळे पंख्याखाली घाम पुसत लेजर लिहीत होतो आणि त्या यंत्रासाठी मात्र एअरकंडिशनर अखंड चालू. मे महिन्यात काही ना काही निमित्त काढून साहेबसुद्धा त्या खोलीत पाच मिनिटं उभे राहून येत. माणसांना नाही आणि यंत्राला गारवा का, हा प्रश्न तेव्हा आम्ही रागानं विचारला होता. त्याचं खरं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी क्रेचं आयुष्य वाचताना मिळालं.

सीमूर क्रेचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिप्पेवा फॉल्स या लहानशा गावी झाला. नदीकाठचं, जंगलानं वेढलेलं गाव. वडील स्थापत्य अभियंता. मुलाचा ओढा यंत्रांकडे आहे हे त्यांनी लवकर ओळखलं आणि घराचं तळघर त्याला प्रयोगांसाठी देऊन टाकलं. दहाव्या वर्षाच्या सुमाराला या मुलानं खेळण्यातल्या पट्ट्या-स्क्रू जोडून एक यंत्र केलं. भोकं पाडलेली कागदाची पट्टी त्यात घातली, की तिचं रूपांतर तारेच्या कडकट्ट भाषेत व्हायचं. १९४३ साली शाळा संपली आणि लगेच युद्धावर बोलावणं आलं. आधी युरोपात तो रेडिओ विभागात होता, नंतर फिलिपीन्समध्ये जपानी सैन्याच्या सांकेतिक संदेशांची उकल करण्याच्या कामावर.

युद्धानंतर मिनेसोटा विद्यापीठातून त्यानं विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये उपयोजित गणितात पुढची पदवी. त्या सुमारासच सेंट पॉल शहरात तो एका कंपनीत लागला. युद्धकाळात जिथं लाकडी ग्लायडर बनत, त्या जुन्या कारखान्यात ही कंपनी नौदलासाठी गणनयंत्रं तयार करत होती. संगणकाचं शास्त्र तेव्हा इतकं कोवळं होतं, की शिकवायला कोणी गुरू नव्हता. थोड्याच वर्षांत हा पंचविशी-तिशीतला तरुण जाणकारांत गणला जाऊ लागला.

१९५७ साली विल्यम नॉरिस आणि काही सहकारी बाहेर पडले व त्यांनी कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. हातातलं नौदलाचं काम पुरं करून क्रेही त्यांच्याकडे गेला. तिथं त्यानं १६०४ नावाचा संगणक बांधला. काचेच्या तापणाऱ्या नळ्या काढून त्या जागी ट्रान्झिस्टर वापरणाऱ्या पहिल्या मोठ्या संगणकांपैकी तो एक. या घराण्यातलं पुढचं यंत्र, ३६०० क्रमांकाचं, १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलं आणि आपल्याकडच्या शास्त्रज्ञांची एक पिढी त्यावर शिकली.

कंपनी वाढली तशा बैठका वाढल्या, अहवाल वाढले. क्रेला दोन्हींचा तिटकारा. १९६२ मध्ये त्यानं नॉरिसला गळ घातली आणि आपली प्रयोगशाळा थेट चिप्पेवा फॉल्सला, स्वतःच्या जन्मगावी नेली. मुख्य कचेरीपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर दूर. साहेब लोकांनाही तिथं यायला आमंत्रण लागे. या रानातल्या प्रयोगशाळेत तीस-पस्तीस माणसांनी मिळून ६६०० हा संगणक तयार केला.

इथं त्याची उष्णतेशी पहिली खरी गाठ पडली. त्याचं कारण समजायला फार गणित लागत नाही. वीज तारेतून जाते तिलाही वेळ लागतो. सेकंदाचा अब्जांश भाग म्हणजे एक नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साधारण एक फूटच जातो आणि तारेतला संदेश त्याहून कमी. यंत्र वेगवान करायचं तर तारा आखूड हव्यात. तारा आखूड हव्यात तर भाग जवळजवळ हवेत. आणि भाग जवळजवळ आले, की एकाची ऊब दुसऱ्याला लागते. मुंबईच्या लोकलमध्ये जानेवारीतही घाम येतो, तो याच न्यायानं. क्रेनं ६६०० मध्ये दोन पट्ट्यांच्या मध्ये सुटे भाग उभे करून, सरपणाची मोळी रचावी तसे खचाखच बसवले. चार लाखांच्या आसपास ट्रान्झिस्टर एका यंत्रात. नुसत्या पंख्याच्या वाऱ्यानं हे निवणारं नव्हतं. तेव्हा त्यानं फ्रिजच्या धंद्यात मुरलेला डीन रौश नावाचा अभियंता हाताशी धरला आणि यंत्राच्या अंगातूनच फ्रीऑनच्या नळ्या फिरवल्या. वरून पाहिलं तर अधिकच्या चिन्हासारखं दिसणारं ते कपाट संगणक आणि शीतगृह यांचा संकर होता.

६६०० चालू झाला आणि पाच वर्षं त्याच्या तोडीचं यंत्र जगात नव्हतं. ऑगस्ट १९६३ मध्ये त्याची घोषणा झाली तेव्हा बलाढ्य आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एक खरमरीत टिपण धाडलं. झाडूवाल्यासकट चौतीस माणसांच्या प्रयोगशाळेनं आपल्याला मागं कसं टाकलं, अशी त्यात विचारणा होती. क्रेच्या कानावर ते गेलं तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच पडलं, की उत्तर त्या प्रश्नातच आहे.

१९६९ मध्ये ७६०० आला, तोही जगात अव्वल. मग त्यानं ८६०० हाती घेतला. एकाच पेटीत चार प्रोसेसर, म्हणजे चार मेंदू, बसवायचे होते. पट्ट्यांवर पट्ट्या रचलेल्या घट्ट चळती. आणि इथं गाडी अडली. भाग इतके दाट झाले, की उष्णता काढणंही कठीण आणि दुरुस्ती त्याहून कठीण. एक बारीकसा भाग बिघडला तरी सगळं यंत्र ठप्प. चौघांचं कुटुंब एकाच चुलीवर अवलंबून असावं, तसं ते झालं. क्रेला सगळं पुसून पहिल्यापासून आखणी करायची होती, आणि कंपनीकडे तेवढा पैसा नव्हता. १९७२ मध्ये तो बाहेर पडला. भांडण मात्र झालं नाही. उलट नॉरिसनं त्याच्या नव्या कंपनीत पैसे घातले. आपल्याकडे भागीदार वेगळे झाले की दुकानाची पाटी उतरवण्यावरून कोर्टात जातात. हे उदाहरण म्हणून लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नव्या कंपनीत, क्रे रिसर्चमध्ये, त्यानं आधीच्या चुकीची उजळणी केली. चार मेंदूंचा हट्ट सोडला. एकच मेंदू, पण फार वेगवान. संपूर्ण यंत्रात फक्त चार प्रकारच्या चिप वापरल्या. खांबाला सी चा आकार दिला तो शोभेसाठी नव्हे. आतल्या बाजूनं तारा टाकल्या की त्या आखूड होतात, म्हणून. चार फुटांपेक्षा लांब तार त्या यंत्रात नव्हती. मैलोन्‌मैल भरेल एवढं ते वायरिंग हातांनी झालं, आणि ते करणाऱ्या बहुतेक जणी चिप्पेवा फॉल्सच्या परिसरातल्या स्त्रिया होत्या. भरतकामाचा टाका चुकू नये तशी प्रत्येक तारेची लांबी मोजून ठरवलेली होती.

आणि गारवा? त्याची युक्ती इतकी साधी होती, की स्वयंपाकघरातल्या माणसाला चटकन कळावी. दोन विद्युतपट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या आणि मध्ये तांब्याचा पत्रा घातला. आपण पातेल्याच्या बुडाला तांबं का लावतो? उष्णता एका जागी न साचता भराभर पसरावी म्हणून. अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक चांगली उष्णता तांबं वाहून नेतं. चिपची उष्णता पत्र्यात उतरायची, पत्र्यातून कडेला सरकायची, आणि कडेच्या उभ्या पट्टीतल्या पोलादी नळीतून वाहणारा फ्रीऑन ती घेऊन खाली जायचा. पंखा नाही, वारा नाही.

कागदावर साधी वाटलेली ही गोष्ट प्रत्यक्षात मात्र सहा महिने खाऊन गेली. कॉम्प्रेसर सुरळीत चालावा म्हणून फ्रीऑनमध्ये थोडं वंगणाचं तेल मिसळलेलं असतं. ते तेल नळ्यांच्या सांध्यांतून अगदी थेंबाथेंबानं पाझरे, पट्ट्यांवर त्याचा थर चढे आणि यंत्र आतल्या आत शॉर्ट होई. जगातलं सर्वांत वेगवान गणित तयार होऊन बसलं होतं आणि अडलं होतं ते एका गळक्या सांध्यापाशी. घरी नळाचा वॉशर बदलताना ज्यानं दोन रविवार घालवले असतील, त्याला यातली तगमग कळेल. शेवटी जोडकामाची नवी पद्धत बसवावी लागली, तेव्हा गळती थांबली. १९७६ मध्ये पहिलं यंत्र लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांच्या चाचणीसाठी गेलं. पुढच्या वर्षी एक हवामान संशोधनाच्या राष्ट्रीय केंद्रानं विकत घेतलं. डझनभर विकली गेली तरी पुष्कळ, असा सुरुवातीचा हिशेब होता; ऐंशीहून अधिक विकली गेली.

या यंत्राचा पुढचा अवतार, क्रे एक्स-एमपी, १९८२ मध्ये आला. तो क्रेचा नव्हे, स्टीव्ह चेन या त्याच्या सहकाऱ्याचा. त्यानं त्याच घाटाच्या कपाटात एकाऐवजी दोन प्रोसेसर बसवले. याच यंत्रापाशी आपल्या देशाचा संबंध येतो. मोसमी पावसाच्या अंदाजासाठी भारतानं ऐंशीच्या दशकात अमेरिकेकडे दोन प्रोसेसरांचा एक्स-एमपी मागितला. अण्वस्त्रांच्या गणितासाठी तो वापरला जाईल, या संशयानं अमेरिकन सरकारनं बरीच टाळाटाळ केली आणि अखेर एकच प्रोसेसर असलेलं यंत्र देऊ केलं. दशकाच्या अखेरीस ते दिल्लीत बसलं. हा नकार देशाला लागला. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. अनेक साध्या प्रोसेसरांना एकत्र जुंपून केलेला तो महासंगणक होता. एका नाकारलेल्या मेंदूनं पुण्याला स्वतःचा मेंदू चालवायला लावलं, असं म्हटलं तर चुकणार नाही.

क्रे स्वतः तोवर पुढच्या यंत्रात बुडालेला होता, आणि हे शब्दशः खरं आहे. क्रे-२ मध्ये त्यानं आठ-आठ पट्ट्यांची चळत केली. मध्ये तांब्याचा पत्रा घालायलाच जागा उरली नाही. मग त्यानं यंत्र द्रवातच बुडवलं! फ्लुओरिनर्ट नावाचा हा पारदर्शक द्रव वीज वाहून नेत नाही, त्यामुळे चालू पट्ट्या त्यात सुखेनैव डुंबतात. याच कुळातल्या द्रवांवर डॉक्टर मंडळी कृत्रिम रक्तासाठी प्रयोग करत होती. तो द्रव चिपवरून सेकंदाला इंचभर वेगानं संथ वाहायचा, तापायचा, बाहेर जाऊन पाण्याला आपली उष्णता द्यायचा आणि परत यायचा. काचेच्या टाकीत त्याचे बुडबुडे दिसत, म्हणून लोकांनी यंत्राचं टोपणनाव बुडबुडे असंच ठेवलं. १९८५ मध्ये ते कामाला लागलं. सुमारे दोन जीबी स्मृती हे त्याचं मोठं वैभव. आज एवढी स्मृती साध्या मोबाइलमध्ये असते.

या सगळ्या काळात माणूस कसा होता? अबोल, मुलाखती टाळणारा, शर्टाच्या बाह्या दुमडून पेन्सिल-कागद घेऊन बसणारा. संध्याकाळी घरी जेवायला यावं आणि पुन्हा रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत जावं, हा शिरस्ता. या शिरस्त्याची किंमत घरानंही मोजली. पहिलं लग्न सत्तरच्या दशकात मोडलं. पुढं त्यानं दुसरं लग्न केलं. त्याच्या दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. एक म्हणजे, घराखाली तो भुयार खणत असे आणि अडलेलं गणित त्याला खणताना सुटे. दुसरी म्हणजे, दर हंगामाला तो शिडाची नवी होडी स्वतः बांधी आणि हंगाम संपला की ती जाळून टाकी. जुन्या होडीतल्या चुका नव्या होडीत येऊ नयेत म्हणून. या गोष्टींत मीठमसाला किती, कोण जाणे. पण त्याच्या कामाशी त्या जुळतात. प्रत्येक यंत्र त्यानं कोऱ्या कागदावरून सुरू केलं.

कोऱ्या कागदाचं हे धाडस जसं त्याला वर घेऊन गेलं, तसं शेवटी खालीही घेऊन आलं. क्रे-३ साठी त्यानं सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड हा वेगवान, पण हाताळायला अवघड पदार्थ धरला. कंपनीला दोन महागडे प्रकल्प एकदम झेपेनात, तेव्हा १९८९ मध्ये तो पुन्हा बाहेर पडला आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथं तिसरा डाव मांडला. पण काळ बदलला होता. शीतयुद्ध संपलं, सरकारी प्रयोगशाळांचे हात आखडले. शिवाय परमसारखी, शेकडो स्वस्त प्रोसेसरांना एकत्र बांधणारी यंत्रं पुढं येत होती. क्रेला ती पटत नसत. शेत नांगरायला दोन दांडगे बैल घ्यावेत की हजारभर कोंबड्या, अशी त्याची त्यावरची थट्टा प्रसिद्ध आहे. थट्टा झकास होती, पण कोंबड्या जिंकल्या. क्रे-३ चं एकच यंत्र १९९३ मध्ये त्या हवामान केंद्रात बसलं. मार्च १९९५ मध्ये कंपनीनं दिवाळं जाहीर केलं.

कर्जखाती हाताळण्यात माझं आयुष्य गेलं. बुडालेल्या धंद्याचा मालक समोर येऊन बसला, की तो काय बोलतो हे मला पाठ आहे. बाजार, सरकार, भागीदार, नशीब या चौघांवर खापर फुटतं. क्रेनं काय केलं? सत्तराव्या वर्षी पुन्हा एक छोटी कंपनी काढली, आणि या वेळी कोंबड्यांचाच विचार करायला बसला; पुष्कळ प्रोसेसर एकत्र कसे चालवावेत, याचा. आपली थट्टा आपल्यावर उलटली हे मान्य करून त्याच दिशेनं पाऊल टाकायला मोठं मन लागतं. आयुष्यभर होड्या जाळणाऱ्या माणसानं शेवटी आपलं मतही जाळलं.

ते काम पुरं व्हायचं नव्हतं. २२ सप्टेंबर १९९६ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या महामार्गावर त्याच्या जीपला अपघात झाला. दोन आठवडे मृत्यूशी झुंज देऊन ५ ऑक्टोबरला तो गेला. एकाहत्तर वर्षांचा होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

अलीकडे नात्यातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा घरी आला होता. हातात तांब्याचा एक चौकोनी ठोकळा, तळहातावर मावेल एवढा. त्याच्या संगणकाच्या मदरबोर्डवर दोन प्रोसेसर आहेत आणि दोघांसाठी पाण्यानं गार होणारे ठोकळे तो स्वतः आखून एका वर्कशॉपमधून कापून घेत होता. तांब्याच्या पोटात बारीक चर, वरून झाकण, एका नळीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. तळ आरशासारखा सपाट हवा, कारण मध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर उष्णता तिथंच अडते. एकाच चक्रात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आणायचं नाही, नाहीतर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. तेवढ्याच आकारमानाची हवा जेवढी उष्णता नेते, त्याच्या साडेतीन हजार पट पाणी नेतं, म्हणून सगळा खटाटोप.

त्याची अडचण एकच होती. पाणी आधी एका प्रोसेसरवरून नेऊन मग दुसऱ्यावर न्यावं, की सुरुवातीलाच दोन फाटे काढावेत? एकापाठोपाठ नेलं तर दुसऱ्याला तापलेलं पाणी मिळणार. फाटे काढले तर पाणी सोप्या वाटेनं जास्त धावणार आणि दुसरा उपाशी राहणार. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला पाणी का चढत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रश्न नवा नाही. आम्ही दोघांनी कागदावर हिशेब केला. दीडशे वॅटचा प्रोसेसर आणि मिनिटाला एक लिटर पाणी धरलं, तर पहिल्यापाशी पाणी दोन अंशांच्या आसपासच तापतं. एवढ्यानं दुसऱ्याचं काही बिघडत नाही. म्हणजे पाणी सरळ एकापाठोपाठ नेणंच बरं. सांधे कमी, गळतीची भीती कमी. सांध्याचं नाव निघालं तेव्हा मी त्याला क्रे-१ च्या तेलाची आणि त्या सहा महिन्यांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ ठोकळ्याच्या झाकणाचे स्क्रू तपासत बसला.

जग फिरून क्रेपाशीच आलं आहे. कोंबड्या जिंकल्या खऱ्या, पण त्यांची संख्या आणि त्यांचा ताप इतका वाढला, की त्यांच्यासाठीही आता नळ टाकावे लागतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेतला फ्रंटियर हा सेकंदाला अब्ज अब्ज गणितं करणारा पहिला महासंगणक ठरला. तो क्रेचं नाव लावणाऱ्या घराण्यातलाच, आणि त्याच्या प्रोसेसरांवरून कोमट म्हणावं असं पाणी खेळतं. पुण्यात पाषाणला, उष्णदेशीय हवामान संस्थेत, २०१८ मध्ये प्रत्यूष नावाचा महासंगणक पावसाचं गणित करू लागला. तोही क्रे घराण्याचाच होता, आणि त्यातल्या प्रत्येक गाळ्यात दोन दोन प्रोसेसर होते. एके काळी दोनासाठी ज्या देशाला नकार मिळाला, त्या देशात हे हजारोंनी आले. २०२४ पासून त्याची जागा अर्क या नव्या यंत्रानं घेतली आहे.

बँकेतल्या त्या काचेच्या खोलीचं कोडं आता मला उलगडलं आहे. यंत्राचे लाड चालले नव्हते. काम जितकं भराभर करायचं तितका ताप होतो, आणि तो ताप वाहून नेणारी वाट आधी आखावी लागते. हे यंत्राइतकंच घराला आणि कचेरीलाही लागू आहे, फक्त तिथल्या नळ्या कोणाला दिसत नाहीत. क्रेनं त्या दिसतील अशा आखल्या, आणि वर गादी टाकून लोकांना बसायला जागाही केली.